डोहाचा धनी

महासीर माशावरच्या पुस्तकाला यवतमाळच्या माणसाने प्रस्तावना लिहावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो असा हा जिल्हा. तेव्हा पैनगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा रेतीच जास्त दिसते, आणि अरुणावती, पूस, वाघाडी यांची धार तर त्याच्या कितीतरी आधी तुटलेली असते. आमच्या बाजारात येतात ते धरणा-तलावांतले कटला, रोहू, मृगळ. दिवस चांगला असेल तर मरळ, वाम आणि झिंगे. थंड, वाहत्या, नितळ पाण्यात राहणारा महासीर आमच्या ताटात नाही आणि बोलण्यातही नाही.

तरी मी हे लिहायचे ठरवले, कारण या माशाची हकीगत मुळात डोहाची हकीगत आहे, आणि डोह हा आमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. पाण्याने समृद्ध मुलखात डोहाची कुणाला फारशी आठवण राहत नाही. जिथे नदी आठ महिने तुटक-तुटक जगते, तिथे गावाला आपला डोह नावानिशी माहीत असतो: त्यात कुठे ठाव लागत नाही, कुठल्या कडेला कपार आहे, कोणत्या वर्षी तो आटला होता. नदी आटली की तिचे जे काही जिवंत उरते, ते डोहात. महासीर हा या डोहाचा सर्वांत हट्टी रहिवासी. म्हणून त्याच्याकडे कोरड्या मुलखातून पाहिले तर काही गोष्टी उलट अधिक स्पष्ट दिसतात.

महासीरचे आकर्षण त्याच्या आकारात आहे, ताकदीत आहे, सोनेरी-निळसर झाकेत आहे, असे त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण सांगतात. ते खोटे नाही. पण मला वाटते, त्याचे खरे आकर्षण त्याच्या अटींत आहे. कटला-रोहूला तळे द्या, कोंडा-पेंड द्या, ते वाढतात; माणसाशी त्यांनी फार पूर्वीच तडजोड केली आहे. महासीर अटी घालतो. पाणी असे हवे, तळ असा हवा, पावसाळ्यात वर जायला वाट हवी. राजे, इंग्रज साहेब, अभियंते, भाविक, शास्त्रज्ञ अशा नाना तऱ्हेच्या माणसांना या माशाने भुरळ घातली. त्यांतल्या कोणी त्याच्या अटी मान्य केल्या आणि कोणी फक्त मासा मान्य केला, यावर पुढचे सारे ठरत गेले. पुढची पाने वाचताना हा धागा हाती असावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी थंड पाण्याचे पाहू. पाणी जितके गार, तितका प्राणवायू ते जास्त धरून ठेवते. दहा अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण अकरा मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. तेच पाणी तीस अंशांपर्यंत तापले की जेमतेम साडेसात. माशाचे मात्र उलटे असते. पाणी तापले की त्याच्या शरीराचा व्यवहार वाढतो आणि प्राणवायू जास्त लागतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. पाणी दगडांवरून आपटत, फेसाळत वाहत असेल तर हवेतला प्राणवायू त्यात पुन्हा मिसळतो आणि ही तूट काहीशी भरून निघते. थंड पाण्याच्या माशांची सारी चोखंदळ वृत्ती या साध्या हिशेबातून आलेली आहे.

इंग्रजांनी आपल्या हौसेसाठी काश्मीरच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांत ट्राउट आणून सोडला. तो अस्सल गारठ्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या पुढे गेले की त्याची तगमग सुरू होते. महासीर तितका कडक नाही. हिमालयातला सोनेरी महासीर पायथ्याच्या नद्यांत राहतो आणि ऋतूप्रमाणे वर-खाली जातो. आपला दख्खनचा महासीर, शास्त्रीय नाव टॉर खुद्री, त्याहून उबदार पाण्यात नांदतो. तरीही भारतीय मत्स्यविज्ञानाने महासीर कुळाला थंड पाण्याच्या माशांच्या पंगतीत बसवले आहे. १९८७ साली उत्तराखंडातील भीमताळ येथे थंड पाण्यातील मत्स्यव्यवसायावर संशोधन करणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, तेव्हापासून ट्राउटबरोबर महासीर हा तिथला मुख्य विषय राहिला आहे. दख्खनचा महासीर या पंगतीच्या अगदी टोकाला बसलेला. इथे हिमाचे पाणी नाही. सह्याद्रीचा पाऊस, काठावरच्या झाडांची सावली आणि डोहाच्या तळाचा गारवा, एवढ्या भांडवलावर तो थंड पाण्याचा मासा म्हणून जगतो. त्यातले एक जरी गेले तरी त्याच्यासाठी दुसरी सोय नसते.

गंमत अशी, की तो कटला-रोहूचाच भाऊबंद आहे. कुळ एक, स्वभाव वेगळा. लांब, भरीव अंग. मोठे, कडक खवले. जाड ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. जबड्यात एकही दात नाही. दात आहेत ते घशात, आणि त्यांची पकड अशी की गोगलगायींचे शंख आणि खेकड्यांची कवचे तिथे भरडून निघतात. खाण्याच्या बाबतीत मात्र तो हट्टी नाही: शेवाळ, किडे, लहान मासे, शिवाय काठावरच्या उंबरासारख्या झाडांची पाण्यात पडलेली फळे. ही शेवटची बाब वाचकाने लक्षात ठेवावी. ज्या माशाच्या आहारात उंबर आहे, त्याचे घर पाण्याच्या कडेशी संपत नाही. काठावरचे झाड तोडले की त्याच्या ताटातला एक पदार्थ गेला आणि डोहावरची सावलीही गेली.

प्रवाहाकडे तोंड करून उभे राहणे ही त्याची जन्माची सवय. गळाला लागलेला महासीर पहिल्याच झेपेत दोरी लांबच लांब ओढून नेतो. पट्टीच्या गळवाल्यांना त्याचे वेड लागले ते या पहिल्या झेपेमुळे.

हे वेड आपल्याकडे बरेच जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ सालचा. मराठी भाषेच्या आरंभीच्या खुणा शोधणाऱ्या अभ्यासकांना तो परिचित आहे, कारण त्यात मराठी पदांचे काही अंश आले आहेत. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय चारा घालून एका जागी जमवावे, काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, आमिष कोणते, हे सारे त्यात नीट सांगितले आहे. राजाच्या करमणुकीचे प्रकरण असूनही त्यात पाण्याचे निरीक्षण भरपूर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या भागाचा अभ्यास केला आणि त्यातले मासे आजच्या माशांशी जुळवून पाहिले.

यानंतर सातशे वर्षांनी लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनमध्ये आला. १८२४ पासून १८३१ पर्यंत तो मुंबई सरकारसाठी या प्रदेशाची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. शेतसारा, पिके, लोकसंख्या हे त्याचे काम, आणि त्या निमित्ताने फिरताना पक्षी, प्राणी, मासे टिपून ठेवणे हा त्याचा छंद. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महासीराचे वर्णन त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले आणि स्थानिकांच्या तोंडचे नावच शास्त्रीय नावात घेतले. दख्खनच्या महासीराची शास्त्रातली जन्मभूमी अशी पुण्याच्या वेशीपाशी आहे. त्या जागी मुळा-मुठेचे पाणी आज काय दशेत आहे, हे पुणेकर वाचकाला मी सांगायची गरज नाही.

साइक्सला मासा नोंदवायचा होता. त्याच्या मागून आलेल्यांना तो जिंकायचा होता. मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला. तेवढ्याच वजनाच्या सॅल्मन माशापेक्षा महासीर जास्त झुंज देतो, हे त्याचे म्हणणे इंग्रज साहेबांच्या पिढ्यांनी शिरोधार्य मानले. जिम कॉर्बेटने १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कुमाऊंच्या नरभक्षकांच्या पुस्तकात एक प्रकरण या माशाला दिले. १९४६ च्या मार्च महिन्यात म्हैसूरच्या व्हॅन इन्गेन कुटुंबातल्या एकाने कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे चोपन्न किलोंचा, महासीर काढला. ही आकडेवारी आजही मिटक्या मारत सांगितली जाते.

या साहेबी कौतुकात एक मेख होती. त्यांनी माशाचे वजन, लांबी, झुंजीचा वेळ हे सारे लिहून ठेवले. तो ज्या डोहातून काढला त्याची नोंद जेमतेम एका ओळीची. डोह आहे तसाच राहणार, असे त्यांनी धरून चालले होते. काठावरच्या माणसांनी मात्र तसे धरले नव्हते.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीचे ठाणे आहे, आणि तिच्या डोहातले महासीर देवीचे म्हणून कोणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिराच्या आश्रयाने तीच रीत चालत आली आहे. देहूला इंद्रायणीच्या डोहाचे वारकऱ्यांच्या मनातले स्थान निराळे. तिथल्या माशांनाही अभय आहे. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर भाविक महासीरांना हाताने चारा घालतात. सरकारने अभयारण्य हा शब्द कायद्यात आणण्याच्या पुष्कळ आधी या गावांनी नदीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवला होता.

हे कसे चालते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. देवाच्या डोहात फक्त मासा राखला जात नाही. तिथे जाळे टाकायचे नाही, सुरुंग लावायचा नाही, विष कालवायचे नाही, आणि बहुतेक ठिकाणी काठावरचे झाडही तोडायचे नाही. म्हणजे भाविकांनी नकळत माशाच्या बऱ्याचशा अटी मान्य केल्या. शिवाय डोह हा नदीचा असा भाग, की उन्हाळ्यात आसपासचे मासे तिथेच गोळा होतात. तो एक राखला की पावसाळ्यात सारी नदी पुन्हा भरायला बीज उरते. राखीव जागा निवडायची झाली तर आजचा नदीशास्त्रज्ञही बहुधा तीच निवडेल.

मात्र या व्यवस्थेला सीमा आहे, आणि तीही स्पष्ट सांगायला हवी. देवीचा अंमल डोहाच्या काठापर्यंत. वरून काय वाहून येते, यावर तिचा इलाज नाही. नदीने पात्र बदलले, वर बंधारा झाला, गावात नवी वस्ती आली की रीत सैल होते. भाविकांच्या चुरमुऱ्यांवर पोसलेले मासे माणसाला भीत नाहीत, म्हणून वाईट हेतूने येणाऱ्यालाही ते सहज सापडतात.

सह्याद्रीत या माशाच्या वाटेत मोठा बदल झाला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरोता, ठोकरवाडी, मुळशी अशी धरणे घाटमाथ्यावर बांधली आणि पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेच्या उतारावर सोडून खोपोली, भिवपुरी, भिरा येथे वीज काढली. खोपोलीची वीज १९१५ मध्ये सुरू झाली. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, तो आपल्याला शाळेत शिकवला जातो. त्या मावळ्यांच्या भातखाचरांबरोबर नद्यांचे वरचे डोह आणि खडकाळ ओढेही बुडाले, हे मात्र कुठल्या धड्यात नाही. महासीर पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी वरच्या उथळ, खडी-गोट्यांच्या प्रवाहांकडे चढतो. वाटेत धरणाची भिंत उभी राहिली की त्याची ती जत्राच बंद पडते.

आणि त्याच धरणांच्या काठी त्याच्या पैदाशीचा मार्ग सापडला, हा इतिहासाचा मोठा मासलेवाईक प्रकार. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी टाटांच्या जलाशयांतल्या दख्खनी महासीरावर काम केले. त्याची अंडी, त्याच्या विणीची रीत आणि पिल्लांची वाढ यांविषयीचा त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी जे पैदास केंद्र उभे राहिले, ते पुढे श. न. ओगले यांच्या हातून नावारूपाला आले. जगात कुठेही महासीराच्या कृत्रिम पैदाशीचा विषय निघाला की लोणावळ्याचे नाव येतेच.

हे काम किती जिकिरीचे, ते कळण्यासाठी रोहूशी तुलना करावी. १९५७ च्या १० जुलैला ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन आपल्या कार्प माशांची वीण करून दाखवली. आज देशभरच्या तळ्यांत, आमच्या यवतमाळच्या तलावांतही, जे मत्स्यबीज सोडले जाते ते या तंत्राचे अपत्य. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते आणि ती दिवसभरात फुटतात. महासीराची मादी किलोमागे काही हजारांवर थांबते. पण प्रत्येक अंडे मोठे, पिवळट सोनेरी, जड. ते तळाच्या खडीत जाऊन बसते. फुटायला जवळजवळ तीन दिवस लागतात. बाहेर आलेले पिल्लू पुढचा आठवडाभर पोटाशी असलेल्या बलकावर जगते आणि अंधाऱ्या फटीत डोके खुपसून पडून राहते. या दहा दिवसांत पाणी गढूळ झाले, साचले, तापले की खेळ संपला. रोहू संख्येवर विसंबतो, महासीर जागेवर. वळवणच्या लोकांनी पावसाळ्यात तयार मासे धरून अंडी काढली, ताटल्यांत पसरली आणि त्यांवरून तलावाचे स्वच्छ पाणी सतत वाहते ठेवले. फळलेली अंडी ओल्या कापसात बांधून दूरवर पाठवता येतात, हेही त्यांनीच दाखवले.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. पुढचा भाग ऐकताना कान अधिक टवकारावे लागतात.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या केंद्राची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, देशातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत सोडली गेली. त्यांत कर्नाटकातली कावेरीही होती. हेतू चांगलाच होता. महासीर कमी होत आहेत, आपल्याकडे महासीर आहेत, तेव्हा द्यावेत. पण कावेरीत तिचा स्वतःचा एक महासीर पूर्वापार नांदत होता: पाठीवर उंच वशिंड, नारिंगी शेपटी आणि सगळ्या महासीरांत थोराड. १२० पौंडांचा तो विक्रमी मासा याच जातीचा. जगभरचे गळवाले ज्याच्यासाठी कावेरीकाठच्या तळांवर येत, तोही हाच. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या तळांवरच्या नोंदी एड्रियन पिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा दिसले की बाहेरून आलेला निळसर परांचा दख्खनी महासीर भराभर वाढला आणि वशिंडवाला घटत जाऊन जवळपास दिसेनासा झाला.

आणखी आश्चर्य पुढेच आहे. इतक्या नावाजलेल्या या माशाची शास्त्रीय ओळख तोवर पक्की नव्हती. ती २०१८ मध्ये पटली. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन केलेली टॉर रेमादेवी ही जात आणि कावेरीचा वशिंडवाला महासीर एकच, असे ठरले; आणि लगेच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. जगप्रसिद्ध मासा नाव मिळेपर्यंत नाहीसा व्हायच्या बेताला आलेला होता. दख्खनी महासीर मात्र, जो आधी संकटग्रस्त समजला जाई, त्याच सुमारास त्या यादीत सुरक्षित गटात गेला.

कोणी म्हणेल, मग वळवणचे काम चुकले का? मला तसे वाटत नाही. तिथल्या ज्ञानाशिवाय आपल्याला महासीराच्या विणीविषयी काहीच कळले नसते, आणि पुढे कधी कावेरीच्या वशिंडवाल्याला वाचवायची वेळ आली तर हेच ज्ञान कामी येईल. चुकीचा होता तो समज, की महासीर म्हणजे एक वस्तू, जिथे कमी पडेल तिथे पोचवावी. कावेरीला महासीर कमी पडत नव्हता. तिला धरणांमधून सुटलेले पाणी, सुरुंगांपासून मोकळे डोह आणि तिचाच मासा हवा होता. बोटुकली पिशवीत भरून नेता येते. डोह नेता येत नाही.

लोणावळ्याजवळूनच वाहणारी इंद्रायणी या संदर्भात पाहावी. उगमाशी महासीराची नामांकित पैदास. खाली देहूला अभय मिळालेले मासे. आणि आळंदीच्या घाटावर सांडपाण्याचा पांढरा फेस, ज्याची छायाचित्रे वारीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापून येतात. विज्ञान आणि श्रद्धा, दोन्ही एका नदीवर इतकी हाताशी असलेली जागा दुसरी क्वचितच असेल. तरीही नदी राखली गेली नाही, कारण दोघांनीही आपापला तुकडा सांभाळला आणि मधले पाणी कोणाच्याच वाट्याला आले नाही.

आता पुन्हा आमच्या मुलखाकडे. यवतमाळच्या सगळ्या नद्या शेवटी गोदावरीच्या. पूस, अरुणावती, अडाण पैनगंगेला मिळतात. पैनगंगा वणीच्या पुढे वढा-जुगादच्या संगमावर वर्धेत शिरते. आणि ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. गोदावरीच्या खोऱ्यात महासीराच्या नोंदी आहेत. तेव्हा इसापूर, अरुणावती, बेंबळा अशा आमच्या जलाशयांपैकी एखाद्यात महासीर सोडावा, गळाच्या हौशी पर्यटकांना बोलवावे, गावाला चार पैसे मिळावेत, असा विचार कोणाच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. या पुस्तकाने तो आणखी बळावेल, अशी मला धास्ती आहे.

माझे मत उलटे आहे, आणि ते मी प्रस्तावनाकाराचा हक्क म्हणून नोंदवतो. महासीर आणणे हे आमच्याकडचे पहिले काम नाही. आमच्या नद्यांत आज जे आहे त्याचीच मोजदाद झालेली नाही. रेतीघाटांचे लिलाव होतात, लिलावाबाहेरची रेती रात्री निघते, आणि रेती गेली की उन्हाळ्यात तिच्या पोटातून झिरपणारे पाणीही जाते. डोहात गाळ भरतो. दोन्ही काठांवरून मोटारी पाणी ओढतात. जिथे अजून खोल पाणी उरते तिथे जिलेटिनच्या कांड्या फुटतात, आणि एका स्फोटात मोठ्या माशांबरोबर त्या वर्षाची पिल्लेही तळाला जातात. अशा पाण्यात महासीर सोडणे म्हणजे त्याला मारायला बोलावणे. आणि समजा तो जगलाच, तर आमच्या मरळ-वामांचे, ओढ्यांतल्या बिननावाच्या बारीक माशांचे काय होईल, हे कावेरीने सांगून ठेवले आहे.

महासीराकडून आम्ही घ्यायचे ते त्याच्या अटींचे कोष्टक. डोहाला मे महिन्यात किती पाणी, तळाला खडी की गाळ, काठावर उंबर-करंज उभे आहेत की नाहीत, पावसाळ्यात मासा वर चढायला वाट मोकळी आहे की बंधाऱ्याने अडवली आहे. महासीर हे प्रश्न मोठ्या आवाजात विचारतो म्हणून त्याचे महत्त्व. मरळही तेच विचारते, पण तिच्यावर कोणी पुस्तके लिहीत नाही.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. समुद्राला तो मान मिळाला, हे योग्यच. नद्यांना असा एखादा मानाचा मासा असता तर, असे वाटते खरे. शेजारच्या मध्य प्रदेशाने नर्मदेच्या महासीराला तो मान दिला आहे; पण त्याच नर्मदेवर मोठाली धरणे झाल्यावर त्याची संख्या घसरत गेली, हेही दिसते. मान देणे सोपे. अटी पाळणे कठीण.

वाचकांना एक सुचवावेसे वाटते. हे पुस्तक माशाची चित्रे पाहण्यासाठी उघडले तरी हरकत नाही. त्या मोहातूनच बहुतेक जण या विषयात शिरतात. पण अंड्यांचे आणि पिल्लांचे प्रकरण गाळू नये. मोठ्या माशाचे कौतुक करताना ज्याच्याकडे लक्ष जात नाही, तो खडीखालचा आठवडाभर सगळ्या कहाणीचा कणा आहे. धरण, रेती, सांडपाणी यांचा घाव तिथेच बसतो.

आणि माझ्या जिल्ह्यातल्या वाचकांना एक काम. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. बहुतेक नोंदवह्यांत झाडे-पाखरे भरपूर असतात आणि नदी चार ओळींत उरकलेली असते. त्यात एक पान डोहांचे वाढवा. डोहाचे नाव, तो कोणत्या दोन गावांच्या शिवेवर आहे, मे महिन्यातली खोली, काठावरची झाडे, आज मिळणारे मासे, पूर्वी मिळत ते मासे. ही माहिती कार्यालयात बसून मिळणार नाही. भोई आणि ढिवर समाजातल्या म्हाताऱ्यांना आणि नदीकाठच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, विचारावी लागेल, आणि ती सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ते पान भरले की ग्रामसभेत ठराव करून निदान एक डोह राखीव ठेवा: तिथे रेती नाही, मोटार नाही, स्फोट नाही, आणि विणीच्या दिवसांत जाळेही नाही. त्या डोहात महासीर नसेल. मरळ असेल, वाम असेल, झिंगे असतील. या पुस्तकाचा खरा उपयोग झाला, असे मी तेव्हा म्हणेन.